फ्यूज कोणाला वाचवतो?

‘फ्यूज उडाला’ हे वाक्य हल्ली शहरातल्या घरांत ऐकू येत नाही. नातवंडं ‘एमसीबी पडला’ म्हणतात, नाहीतर नुसतंच ‘ट्रिप झालं’. एखादा माणूस भडकला की त्याचा फ्यूज उडाला असं अजून म्हणतात, पण चिनी मातीचा तो पांढरा कटआउट उपसून, मेणबत्तीच्या उजेडात त्याची तार बदललेली माणसं आता माझ्याच वयाची उरली. आमच्या लहानपणी प्रत्येक घरात मीटरच्या फळीवर फ्यूजच्या तारेचं एक भेंडोळं अडकवलेलं असे आणि गल्लीत एक तरी ‘तज्ज्ञ’ असे, जो बारीक तार वारंवार जळते म्हणून तांब्याची जाड तार गुंडाळून देई. ‘आता बघा, पुन्हा उडणार नाही!’ खरंच उडत नसे. कधीच.

या साध्या वस्तूचा इतिहास वाचत गेलो तेव्हा एक प्रश्न मनात घर करून बसला. फ्यूज उडतो तेव्हा तो नेमकं कोणाला वाचवतो?

४ सप्टेंबर १८८२ रोजी एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचं वीजकेंद्र सुरू केलं. दिवे थोडे, गिऱ्हाइकं मोजकी, आणि तारा जमिनीखालून नेलेल्या. विजेचा प्रवाह फार वाढला तर तारा तापतील, लाकडी घरं पेटतील ही भीती पहिल्यापासून होती. त्यावर उपाय म्हणून एडिसनने वाटेत एक कमजोर तार घातली. प्रवाह वाढला की ती आधी वितळायची आणि मार्ग तुटायचा. साखळीतली एक कडी मुद्दाम कच्ची ठेवायची, म्हणजे तुटायचंच झालं तर तिथे तुटेल, अशी ही युक्ती. साधी आणि उत्तम. पण तिचा हेतू लक्षात घ्या. तार वाचावी, घर जळू नये. माणसाला धक्का बसू नये हा तिचा हेतू नव्हता, आणि ते तिला शक्यही नव्हतं.

त्याच न्यूयॉर्कमध्ये इतर कंपन्यांच्या तारा मात्र खांबांवरून गेलेल्या होत्या. तार, टेलिफोन, दिवे यांच्या तारांचं जाळं इतकं दाट की जुन्या छायाचित्रांत आकाश दिसत नाही. तारा जमिनीखाली न्या, असा कायदा १८८० च्या दशकात झालाही होता, पण कंपन्या चालढकल करत होत्या. ११ ऑक्टोबर १८८९ रोजी जॉन फीक्स नावाचा तारवाला भरदुपारी खांबावर काम करत असताना दगावला. ज्या तारेला त्याने हात लावला ती तारायंत्राची, निरुपद्रवी. पण ती लांब कुठेतरी दिव्याच्या जास्त दाबाच्या तारेला चिकटली होती. त्याचा देह बराच वेळ तसाच तारांत अडकून राहिला आणि शेकडो लोकांनी ते खालून पाहिलं. त्यानंतर मात्र खांब पाडायला आणि तारा कापायला वेळ लागला नाही. कायदा आधी होता, तंत्रही आधी होतं; हलवलं ते एका मरणाने. विजेच्या इतिहासात ही गोष्ट पुन्हा पुन्हा भेटते.

आपल्याकडे दार्जिलिंगजवळ सिद्रापोंगला १८९७ साली पाण्यावर वीज तयार झाली. टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. १९६० साली महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झालं आणि मग हळूहळू खेड्यापाड्यांत खांब उभे राहिले. या सगळ्या प्रवासात घराच्या दारात पहारेकरी एकच, तो कच्च्या कडीचा फ्यूज.

दरम्यान जर्मनीत मानहाइम इथल्या ह्यूगो श्टोट्झच्या कारखान्याने १९२४ साली एक छोटी कळ काढली. आजच्या एमसीबीची ती पूर्वज. आत दोन रखवालदार असतात. एक दोन धातूंची जोडपट्टी; भार थोडा जास्त असेल तर ती तापून हळूहळू वाकते आणि कळ पाडते. दुसरा विद्युतचुंबक; दोन तारा एकमेकींना भिडून प्रवाह एकदम उसळला तर तो क्षणार्धात झटका देतो. दुरुस्ती करून कळ वर करा, झालं. जाड तार गुंडाळणाऱ्या तज्ज्ञाला इथे हात घालायला जागाच नाही, हा त्याचा सर्वात मोठा गुण. तरी आपल्या घरांत तो सर्रास दिसायला अर्धं शतक उलटून गेलं. आणि तोही तारेचाच रखवालदार, माणसाचा नव्हे.

इथे थोडं गणित करू. पाटी-पेन्सिल घ्यायची गरज नाही. घरातला साधा फ्यूज ५ अँपिअरचा, म्हणजे ५००० मिलिअँपिअरचा. आपल्याकडे वीज २३० व्होल्टची. ओल्या अंगाच्या माणसाचा रोध ढोबळमानाने १००० ओहम धरला, तर त्याच्या देहातून २३० मिलिअँपिअर जातील. हृदयाची लय बिघडायला त्याहून कितीतरी कमी पुरतात. म्हणजे माणूस मरायला जेवढा प्रवाह लागतो, तेवढ्याने फ्यूजला घामसुद्धा फुटत नाही. त्याच्या लेखी तो एक जास्तीचा बल्ब.

हे गणित मी कागदावर शिकलो नाही. मी नोकरीला होतो त्या गावी श्रावणात एकदा आठवीतल्या एका मुलाची आई गेली. पत्र्याच्या घराला कुठेतरी वायर घासली होती, आणि कपडे वाळत घालायची लोखंडी तार त्या पत्र्याला बांधलेली. ओलं लुगडं तारेवर टाकलं आणि खेळ संपला. आम्ही शिक्षक धावत गेलो तेव्हा घरातला बल्ब जळतच होता. फ्यूज शाबूत होता. वायरमनने फळीकडे बघून सांगितलं, ‘फ्यूज ठीक आहे, गुरुजी.’ त्यात त्याची चूक नव्हती. फ्यूजने त्याचं काम चोख केलं होतं. माणसाला वाचवणं हे कुणी त्याला नेमून दिलेलंच नव्हतं.

वाईट याचं वाटतं की ते काम करणारं उपकरण तोवर निघालेलं होतं. दक्षिण आफ्रिकेत सोन्याच्या खाणींत विजेचे अपघात फार होत. तिथल्या आंरी रुबिन या अभियंत्याने १९५५ साली त्यावर काम सुरू केलं आणि १९५६ मध्ये २० मिलिअँपिअरच्याही आत काम करणारं यंत्र बनवलं. १९५७-५८ मध्ये स्टिलफोंटेन या खाणकामगारांच्या वसाहतीत काहीशे घरांना ती यंत्रं बसली. मजुरांच्या वसाहतीत ही गोष्ट आधी पोचली, हे मला विशेष वाटतं. अमेरिकेत बर्कलीच्या चार्ल्स डाल्झिएल या प्राध्यापकांनी स्वयंसेवकांवर प्रयोग करून, किती प्रवाहापर्यंत माणूस पकडलेली तार सोडू शकतो ते मोजलं. पुरुषांची सरासरी १६ मिलिअँपिअरच्या आसपास निघाली, स्त्रियांची त्याहून कमी. या अभ्यासातूनच त्यांनी १९६१ च्या सुमारास असं उपकरण तयार केलं. तिथल्या नियमांत ते न्हाणीघरांसाठी १९७५ मध्ये आलं आणि स्वयंपाकघरासाठी १९८७ मध्ये. तिथेही सावकाशच, पण आलं.

आज त्याला आरसीसीबी म्हणतात. त्याची युक्ती शिक्षकाला लगेच कळते. सहलीला निघताना आपण गाडीत मुलं मोजून चढवतो आणि परतताना पुन्हा मोजतो. चाळीस गेली, एकोणचाळीस आली, तर गाडी हलत नाही! हे यंत्र तसंच करतं. एका तारेने किती वीज गेली, दुसरीने किती परत आली, हे ते सतत ताडून बघतं. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, तर ती वीज कुणाच्या तरी अंगातून जमिनीत चालली असावी असं धरून डोळ्याची पापणी लवण्याआधी सगळं बंद करतं. ३० म्हणजे त्या ५००० च्या सुमारे एकशेसाठावा हिस्सा. दोन्ही हातांनी दोन तारा धरल्या तर मात्र तेही फसतं, कारण मग गेलेली वीज बरोबर परत येते. म्हणून अर्थिंग, एमसीबी आणि हे, असे तिघंही हवेत.

आता आपल्याकडे बघू. २००३ च्या वीज कायद्यानंतर केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने २०१० मध्ये सुरक्षेचे नियम केले, २०२३ मध्ये ते नव्याने आले. ठराविक भाराच्या वरच्या जोडण्यांना असं संरक्षण हवं, हे त्यांत आहे. म्हणजे एका बल्बाच्या, पत्र्याच्या घरावर त्याची सक्ती होत नाही. उघड्या तारा जाऊन पिळाच्या, आवरण असलेल्या केबली आल्या. त्यांनी माणसं वाचली हे खरं, पण अनेक ठिकाणी त्या आल्या आकडे टाकून होणारी चोरी थांबावी म्हणून. आता स्मार्ट मीटरची पाळी. केंद्राने २०२१ मध्ये देशभर पंचवीस कोटी मीटरांची योजना आखली. महाराष्ट्रात २०२४ मध्ये त्यावरून गदारोळ झाला आणि सामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेडची सक्ती नाही, असं सरकारला सांगावं लागलं. मीटरला माझा विरोध नाही. गळती आणि चोरी कुठे होते ते त्याने कळेल, वीज कुठे गेली आहे ते तक्रारीआधी कळेल. उत्तमच आहे.

पण हा मीटर एका युनिटचा हिशेब सोडत नाही, आणि त्याच्या पलीकडे घरात कुणी गिझरला चिकटलं आहे का, हे त्याला कळत नाही. ज्याची मोजणी पैशात होते ती सुधारणा सरकारी योजनेतून दारात येते. ज्याची मोजणी जिवात होते ती ज्याने त्याने आपल्या खिशातून करायची. आपल्या देशात विजेच्या धक्क्याने दर वर्षी दहा हजारांहून अधिक माणसं मरतात, असं सरकारी अपघात अहवालच सांगतात. पण ती विखुरलेली मरतात: एखाद्या शेतात पंप सुरू करताना, एखाद्या अंगणात. फीक्ससारखी भर बाजारात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर नाही. म्हणून कुणी हलत नाही. मीटरसाठी जर दारोदारी माणूस जाऊ शकतो, तर त्याच फेरीत लहान घरांना हे एक यंत्र का बसवू नये?

ते होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातचं करू या. आपल्या फळीवर आरसीसीबी आहे का बघा. त्यावर ‘टी’ अक्षराचं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबा, कळ पडायलाच हवी. नसेल तर चांगल्या वायरमनला बोलवा. मिक्सरपेक्षा जास्त खर्च येत नाही. आणि आपल्याकडे कामाला येणाऱ्या बाईंच्या, गावाकडच्या भावाच्या घरीही बघा. तिथे त्याची गरज जास्त आहे.