लाड न सोसणारं झुडूप

भरपूर शेणखत, चिमूटभर चुना, वरून चुलीतली राख. झाड जोमानं वाढावं म्हणून आपण जे जे करतो, ते ब्लूबेरीला नेमकं बाधतं. अमेरिकेच्या ईशान्य भागात लोक ही फळं पूर्वापार रानातून वेचून आणत. कुणी झुडूप उपटून आपल्या कसदार मळ्यात लावलं की ते खुरटायचं. त्यामुळे हे रानफळ माणसाळत नाही, अशीच समजूत होती.

कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी 1906 मध्ये या कोड्याचा पिच्छा धरला. खतावलेल्या आणि चुना घातलेल्या मातीत रोपं रडत होती. अर्धवट कुजलेल्या पाल्याच्या आंबट मातीत तीच तरारली. ब्लूबेरीच्या मुळांना मूलरोमच नसतात. आम्ल मातीत तिच्या मुळांशी एक बुरशी सोयरीक करते आणि दोघांचं भागतं. कोव्हिलना पुढे आणखी एक गोष्ट कळली. काचघराच्या उबेत हिवाळा काढलेली झुडपं वसंतात धड जागी होईनात, बाहेर गारठलेली मात्र वेळेवर फुटली. पुण्या-मुंबईत हौसेनं कुंडी आणणाऱ्यांनी हे आधी वाचावं. कमी थंडीवर भागवणाऱ्या जाती खूप नंतर आल्या.

कोव्हिल यांची 1910 ची पुस्तिका न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ व्हाइट यांच्या हाती पडली. व्हाइट्सबॉग इथे वडिलांची क्रॅनबेरीची शेती. आजूबाजूला रेताड, आंबट जमीन आणि पाइनचं रान. म्हणजे ब्लूबेरीचं माहेरच. 1911 मध्ये त्यांनी कोव्हिलना पत्र लिहून आपली जमीन देऊ केली.

पण मला खरं कौतुक वाटतं ते रान तुडवणाऱ्या वेचणाऱ्यांचं. लागवडीसाठी मोठ्या फळांची झुडपं हेरायला बाईंनी त्यांना सुमारे 16 मिलिमीटरचं भोक असलेली मापपट्टी दिली. फळ त्या भोकातून खाली पडलं की झुडूप बाद. अडकलं तर झुडपावर खूण करायची, मोबदला घ्यायचा, आणि झुडपाला शोधणाऱ्याचं नाव. रूब लीक यांच्या झुडपापाशी मात्र अडलं: ‘रूब’ म्हणजे गावंढळ, तर ‘लीक’ला कांद्याचा वास! शेवटी ‘रूब’ला आडनावाचा ‘ल’ जोडून ‘रुबेल’ झालं.

1916 मध्ये पहिला माल बाजारात गेला. रुबेल अजून रोपवाटिकांत मिळते, फळ आताच्या जातींपुढे लहान असलं तरी. आज न्यू जर्सीतल्या मराठी घरांच्या परसातही ब्लूबेरी लावायची तर कोव्हिल यांचेच नियम चालतात: पीएच साडेचार ते साडेपाच, मुळांवर पाइनच्या सुयांचं आच्छादन, पाणी शक्यतो पावसाचं. आणि झुडपं दोन, तीही वेगवेगळ्या जातींची. स्वतःच्याच परागांवर फळ कमी धरतं, हेही त्यांनीच दाखवलं होतं.