रापीने कोरलेला मासा : लाउरी रापाला आणि एका आमिषाचा इतिहास

१/१७
ऑगस्ट १९६२. अभिनेत्री मॅरिलिन मन्रोच्या अकाली मृत्यूने अमेरिका हळहळत होती. 'लाइफ' या साप्ताहिकाचा १७ ऑगस्टचा अंक तिचे छायाचित्र मुखपृष्ठावर घेऊन निघाला आणि हातोहात खपला. त्याच अंकाच्या आतील पानांवर एक अगदी वेगळा लेख होता. त्याचा विषय होता फिनलंडमधील एका मासेमाराने घरी कोरलेला लाकडी मासा. या योगायोगाने एका कुटुंबाचे नशीब पालटले. त्या लाकडी माशाची ही कहाणी.

२/१७
गळाला गांडूळ किंवा लहान मासा लावणे हे झाले खरे आमिष. लाकूड, धातू, पिसे यांपासून बनवलेले आणि पाण्यात ओढताच जिवंत भासणारे ते कृत्रिम आमिष, म्हणजेच 'ल्युअर'. यात माशाची भूक भागत नाही, त्याची फसगत होते. त्यामुळे असे आमिष घडवणाऱ्याला सुतारकामाइतकेच माशाचे मनही कळावे लागते.

३/१७
लाउरीचा जन्म १९०५ मध्ये फिनलंडमधील सिस्मा परिसरात झाला. तेव्हा हा देश रशियन साम्राज्याचा भाग होता. लाउरी सात वर्षांचा असताना आई त्याला घेऊन शेजारच्या आसिक्काला परगण्यात आली. आईचे आडनाव सारिनेन. परंतु नोंद करताना तेथील पाद्रीला ते आठवेना, म्हणून त्याने ती ज्या गावाहून आली त्या गावाचेच नाव लिहिले, अशी कुटुंबातील आठवण आहे. ते नाव होते रापाला. फिनिश भाषेत 'रापा' म्हणजे चिखल.

४/१७
चर्चच्या वहीतील एका चुकीने मिळालेले हे नाव पुढे जगभरातील मासेमारांच्या पेट्यांवर झळकणार होते. त्या वेळी मात्र त्यामागे ना जमीन होती, ना घराणे. १९१७ मध्ये फिनलंड स्वतंत्र झाला, पुढच्याच वर्षी यादवी युद्धात होरपळला आणि १९२९ नंतरच्या जागतिक मंदीने ग्रामीण भागातील मजुरांचे कंबरडे मोडले. लाउरी याच पिढीचा.

५/१७
१९२८ मध्ये लाउरीचा एल्मा लेप्पानेन हिच्याशी विवाह झाला. रीहिलाहती या गावी संसार मांडला गेला. हिवाळ्यात जंगलात झाडे तोडायची, शेतावर मोलमजुरी करायची आणि बर्फ वितळला की पाइयान्ने सरोवरात नाव घालायची, असा वर्षाचा क्रम होता. पाइयान्ने हे फिनलंडमधील सर्वांत खोल सरोवर. घरात मुले वाढत होती आणि त्यांची पोटे या सरोवरावर अवलंबून होती.

६/१७
मासेमारीची रीत कष्टाची होती. लांबच लांब दोरीला शेकडो गळ बांधलेले असत. प्रत्येक गळाला हाताने आमिष लावायचे, दोरी सोडायची, ओढायची, मासे काढायचे आणि पुन्हा आमिष लावायचे. आमिषासाठी लहान मासे आधी पकडावे लागत. म्हणजे दिवसाचा मोठा भाग मासे पकडण्याच्या तयारीतच जाई. ही तयारी वाचली, तर तेवढीच मिळकत वाढणार होती. शोधाची गरज इथून निर्माण झाली. त्यामागे छंद नव्हता.

७/१७
नाव वल्हवताना लाउरी पाण्यात बघत असे. लहान माशांचा थवा एका लयीत पोहतो. मोठा शिकारी मासा त्यावर झडप घालतो तेव्हा तो सगळ्यांच्या मागे लागत नाही. जो जखमी किंवा अशक्त आहे, ज्याचे पोहणे किंचित डगमगते, त्यालाच तो हेरतो. हे दृश्य पिढ्यान्‌पिढ्या मासेमार पाहत आले होते. लाउरीने त्यातून एक प्रश्न काढला : ही डगमग लाकडात कोरता येईल का?

८/१७
१९३६ मध्ये त्याने पहिले यशस्वी आमिष घडवले, असे मानले जाते. साहित्य पाहण्यासारखे आहे. अंगासाठी बूच. कोरण्यासाठी चांभाराची रापी. गुळगुळीत करण्यासाठी काचकागद. खवल्यांच्या चकाकीसाठी चॉकलेटच्या वेष्टनातील चंदेरी वर्ख. आणि वरच्या लेपासाठी छायाचित्रांच्या जुन्या निगेटिव्ह. यातील एकही वस्तू मासेमारीसाठी बनलेली नव्हती.

९/१७
निगेटिव्ह कशासाठी? व्हार्निश विकत घेण्याची ऐपत नव्हती. त्या काळातील अनेक फिल्म्स सेल्युलोज नायट्रेटच्या असत. हाच पदार्थ योग्य द्रवात विरघळवला की पातळ, पारदर्शक आणि लवकर वाळणारा लेप तयार होतो. १९२० च्या दशकापासून मोटारगाड्यांना दिल्या जाणाऱ्या चकचकीत रंगाचा आधारही हाच होता. म्हणजे कारखान्यांत जे रसायन पिंपांनी वापरले जाई, ते लाउरीने टाकाऊ फिल्ममधून मिळवले. हे रसायन अत्यंत ज्वालाग्राही असल्याने काम जोखमीचेच होते.

१०/१७
हा शेवटचा थर दिसतो तितका शोभेचा नव्हता. लाकूड पाणी शोषते. पाणी शिरले की वजन बदलते आणि वजन बदलले की चाल बिघडते. वर्खही लेपाशिवाय पहिल्याच माशाच्या दातांनी फाटला असता. म्हणून कोरण्याइतकेच महत्त्व शेवटच्या हाताला होते. घासणे, वर्ख चिकटवणे, लेप देणे, वाळवणे, पुन्हा लेप देणे. घाई केली तर बुडबुडे राहत आणि तेथूनच पाणी आत शिरे.

११/१७
डगमगीचे रहस्य तोंडाशी होते. आमिषाच्या पुढे ओठासारखी एक तिरकी पट्टी बसवलेली असते. दोरी ओढली की पाण्याचा दाब या पट्टीवर पडतो, आमिष खाली झुकते आणि पाणी आळीपाळीने दोन्ही बाजूंनी निसटते. त्यामुळे अंग डावी-उजवीकडे हलते. अंग हलके असेल तरच ही हालचाल चपळ राहते. पट्टी रेसभर वाकडी बसली, तरी आमिष एका अंगावर कलंडते.

१२/१७
म्हणूनच प्रत्येक आमिषाची पाण्यात परीक्षा होई. ते डावीकडे ओढ घेत असेल, तर दोरी बांधायची कडी किंचित उजवीकडे वाकवायची. उजवीकडे जात असेल, तर डावीकडे. सरळ पोहू लागेपर्यंत हेच चाले. पुढे कारखाना उभा राहिला, यंत्रे आली, तरी पाण्याच्या टाकीत एकेक आमिष पोहवून पाहण्याची रीत या कंपनीने आपली ओळख म्हणून जपली.

१३/१७
३० नोव्हेंबर १९३९ रोजी सोव्हिएत संघाने फिनलंडवर हल्ला केला. युद्धाच्या वर्षांत परदेशी माल दुर्मीळ झाला. बूच हे भूमध्य सागराच्या परिसरातील ओक वृक्षाच्या सालीपासून मिळते. फिनलंडमध्ये ते होत नाही. मग लाउरी पाइन वृक्षाच्या जाड सालीकडे वळला. फिनलंडमधील मुले याच सालीच्या होड्या कोरून खेळतात. दुष्काळात याच वृक्षाच्या आतल्या सालीचे पीठ भाकरीत मिसळून लोकांनी दिवस काढले होते. टंचाईत या झाडाकडे वळणे त्या समाजाच्या अंगवळणी पडले होते.

१४/१७
युद्ध संपले. रेयो, एन्सियो आणि रिस्तो ही मुले वडिलांच्या कामात उतरली. हाताच्या कोरीवकामाला हळूहळू यंत्राची जोड मिळाली, सालीची जागा पुढे हलक्या बाल्सा लाकडाने घेतली. १९५२ मध्ये हेलसिंकी येथे ऑलिम्पिक स्पर्धा झाल्या. तेव्हा आलेल्या पाहुण्यांबरोबर हे मासे परदेशी गेले, असे सांगितले जाते. १९५९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात मासेमारीचे साहित्य विकणाऱ्या रॉन वेबर याच्या हाती ते लागले. त्याने रे ऑस्ट्रम या दुकानदाराला सोबत घेऊन थेट फिनलंडशी व्यवहार जुळवला.

१५/१७
आणि मग आला 'लाइफ'चा तो अंक. मागणी इतकी उसळली की घरगुती कारखान्याला ती पुरी करणे अशक्य झाले. काही ठिकाणी दुकानदार हे आमिष विकण्याऐवजी दिवसाच्या भाड्याने देत, अशा गोष्टी आजही सांगितल्या जातात. कोरणारे हात मोजके होते, मागणारे असंख्य. याच दशकात हा व्यवसाय मोठ्या उद्योगात रूपांतरित झाला. १९७४ मध्ये लाउरी रापालाचे निधन झाले, तेव्हा त्याचा लाकडी मासा अनेक देशांच्या पाण्यात पोहत होता.

१६/१७
मासेमारीच्या इतिहासात अशा जन्मकथा आणखीही आहेत. जूलिओ ब्यूएल या अमेरिकी कारागिराच्या हातून चमचा सरोवरात पडला, बुडणाऱ्या चमच्यावर मासा झेपावला आणि चमच्याच्या आकाराचे आमिष सुचले, अशी दंतकथा आहे. त्याचे पेटंट मात्र १८५२ चे, नोंदीतले. मिशिगनमधील मधमाशीपालक जेम्स हेडन याने सहज तासलेली काटकी पाण्यात फेकली आणि माशाने तिच्यावर उडी घेतली, अशीही कथा आहे. दोन्ही कथांत शोध क्षणात लागतो. रापालाच्या कथेत तसा क्षणच नाही. तिथे वर्षानुवर्षे वल्हवणे आणि बघणे आहे.

१७/१७
इतिहासाच्या विद्यार्थ्याने या कहाणीत 'लाइफ'च्या मुखपृष्ठाला किती श्रेय द्यावे? प्रसिद्धी त्या योगायोगाने मिळाली, यात शंका नाही. परंतु त्या अंकाचे वाचक दुकानात गेले, त्यांनी आमिष विकत घेतले आणि ते पाण्यात सोडले. तिथे मुखपृष्ठाचा उपयोग नव्हता. ते पुन्हा घ्यायला परतले, कारण मासा लागला. आणि मासा लागला तो २६ वर्षांपूर्वी एका मजुराने ओळखलेल्या त्या किंचित डगमगीमुळे. अशक्त जिवावरच झडप पडते, हे गरिबीत वाढलेल्या माणसाला कुणी वेगळे शिकवावे लागले नसेल.