चालचलनाच्या दाखल्याची कुळकथा

बंगळुरूच्या पूर्वेला महादेवपुरा आहे. व्हाईटफील्ड, मारतहळ्ळी, हूडी, काडुगोडी, वर्तूर ही एकेकाळची गावं आता त्यातच मोडतात. आयटी कंपन्या आल्या, त्यांच्या पाठोपाठ आयबी आणि केंब्रिजचे अभ्यासक्रम शिकवणाऱ्या शाळा आल्या आणि त्या शाळांत परदेशी शिक्षक आले. इथे अनुभव घेतलेले आपले शिक्षक, त्यांत पुण्या-नाशिकहून येऊन स्थिरावलेली मराठी मंडळीही आली, पुढे दुबई-दोह्याच्या वाटेला लागतात. येणाऱ्याच्या आणि जाणाऱ्याच्या फाईलमध्ये पदव्यांच्या खाली एक कागद लागतो. या व्यक्तीविरुद्ध गुन्ह्याची नोंद नाही, एवढंच तो सांगतो. पासपोर्ट कार्यालयात त्याला पीसीसी म्हणतात, महाराष्ट्र पोलिसांकडे ते चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र असतं, आणि जुनी माणसं अजून त्याला चालचलनाचा दाखला म्हणतात.

भारतीय शिक्षकाला तो मिळवणं आता फारसं अवघड राहिलेलं नाही. ऑनलाइन अर्ज, ५०० रुपये शुल्क, पासपोर्ट सेवा केंद्रात ठरलेल्या वेळी हजेरी, मग स्थानिक ठाण्याचा अहवाल. हातात पडतं ते एक पान. नाव, पासपोर्ट क्रमांक, कोणत्या देशासाठी दाखला हवा आहे ते, आणि प्रतिकूल माहिती नोंदीवर नाही असं एक वाक्य. हेग करारातल्या देशांत तो ग्राह्य धरला जावा म्हणून त्यावर परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल नावाचं साक्षांकन लागतं. हा करार भारताला २००५ साली लागू झाला तेव्हापासूनची ही सोय. दाखल्यातल्या त्या एका वाक्याला निदान दोनशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्यातली पहिली सव्वाशे वर्षं मुलांचा विचार कुठेच दिसत नाही.

कागदाच्या आधी माणूस जबाबदार असे. मराठी दफ्तरांत हाजीरजामीन आणि फैलजामीन हे शब्द भेटतात. बोलावल्यावर इसमाला हजर करीन ही पहिल्याची हमी. इसमाची वागणूक नीट राहील ही दुसऱ्याची. फैलजामीन देणारा स्वतःचं नाव आणि पत पणाला लावत असे. इसमाने काही वावगं केलं तर सरकार जामिनाच्या दारात उभं राहणार, हे दोघांनाही ठाऊक असे. ओळखीच्या पंचक्रोशीत हे चाले. माणसं कामासाठी दूर जाऊ लागली तशी ही पद्धत अपुरी पडू लागली.

फ्रान्समध्ये नेपोलियनच्या राजवटीत, १८०३ साली, कामगारांसाठी एक छोटी वही सक्तीची झाली. कामगार कुठे राबला, कधी सुटला, मालकाची उचल फेडली की नाही, हे त्यात लिहिलेलं असे. वहीशिवाय प्रवास करणारा भटक्या समजून पकडला जाई. जुन्या मालकाने नोंद करून वही परत दिल्याशिवाय नवी नोकरी मिळणं कठीण, त्यामुळे मजुराची दोरी मालकाच्या हातात राहिली. १८९० साली ती वही रद्द झाली. आपल्याकडे त्याच काळात साहेबांच्या घरचे खानसामे, आया, हमाल जुन्या साहेबांनी दिलेल्या चिठ्ठ्या जपून ठेवत आणि नव्या बंगल्याच्या पायरीवर त्या पुढे करत. नोकरी बदलताना मागच्याने पुढच्याला लेखी सांगायचं, ही चाल दोन्हीकडे एकच. आणि दोन्हीकडे प्रश्न एवढाच होता की हा चाकर माझ्या घरी चोरी तर करणार नाही ना.

खरा शोध लागला तो १८४८ ते १८५० या दोन वर्षांत. बोनव्हिल द मार्सांजी हे व्हर्सायचे सरकारी वकील. गुन्हेगार एका गावात शिक्षा भोगून दुसऱ्या गावी नवा माणूस म्हणून उभा राहतो, ही त्यांची अडचण होती. त्यांनी उपाय सुचवला तो फार साधा. माणूस कुठेही फिरो, त्याचं जन्मगाव बदलत नाही. तेव्हा देशात कुठेही शिक्षा झाली तरी तिची चिठ्ठी त्याच्या जन्मगावच्या न्यायालयात पाठवायची आणि तिथल्या लाकडी कप्प्यांत आद्याक्षरानुसार लावून ठेवायची. १८५० साली फ्रान्सने हे देशभर लागू केलं. परदेशात जन्मलेल्यांसाठी पॅरिसमध्ये वेगळं मध्यवर्ती कपाट ठेवावं लागलं. परदेशी माणसाच्या पूर्वायुष्याचं काय करायचं, हा आजचा पेच त्या पहिल्याच व्यवस्थेला पडला होता.

हिंदुस्थानात नोंद जन्मगावाऐवजी ठाण्याच्या हद्दीशी जोडली गेली. हद्दीत कोण राहतं, कोणावर संशय आहे, कोणाची हिस्ट्रीशीट उघडली आहे, हे ठाण्याच्या रजिस्टरात. कर्नाटकात आजही ‘रौडी शीट’ हा रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. आणि इथे एक कटू गोष्ट सांगितलीच पाहिजे, कारण दाखल्यांच्या कौतुकात ती विसरली जाते. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी पारध्यांसारख्या अनेक जमातींना जन्मतःच नोंदीवर घेतलं. त्यांनी ठाण्यात हजेरी द्यायची, गाव सोडताना परवाना घ्यायचा. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये कुटुंबंच्या कुटुंबं कुंपणाआड राहिली. ३१ ऑगस्ट १९५२ ला ही जोखडं कायद्याने निघाली, तरी ठाण्याची नजर बदलायला फार वेळ लागला. ‘प्रतिकूल माहिती’ म्हणजे न्यायालयाने दिलेली शिक्षा की कोणीतरी घेतलेला संशय, हा फरक दाखला मागणाऱ्या प्रत्येक संस्थेने समजून घेतला पाहिजे.

त्याच ब्रिटिश राज्यकर्त्यांच्या दफ्तरात या कागदाला लागणारं एक साधन तयार झालं. १८९७ साली कलकत्त्याला जगातला पहिला बोटांच्या ठशांचा विभाग सुरू झाला. ठशांची वर्गवारी एडवर्ड हेन्री यांच्या नावाने ओळखली जाते, पण तिची मांडणी अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदुस्थानी अधिकाऱ्यांनी केली. आज महादेवपुऱ्यातल्या एखाद्या अमेरिकी शिक्षकाला मायदेशाचा दाखला हवा असला तर एफबीआयकडे दहाही बोटांचे ठसे पाठवावे लागतात. एफडी-२५८ नावाचं ते कार्ड. आधी प्रत्येक बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवून, मग चार बोटं एकत्र टेकवून, शेवटी अंगठे. नाव बदललं, देश बदलला तरी ठसा बदलत नाही. बोनव्हिलना जे जन्मगावात सापडलं ते हक आणि बोस यांना बोटाच्या टोकावर सापडलं.

मुलांचा विचार या कागदात शिरला तो विसाव्या शतकात, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी आधी एखाद्या मुलाचं आयुष्य उद्ध्वस्त झाल्यावर. ब्रिटनमध्ये शाळेत शिकवण्यास अपात्र ठरवलेल्यांची यादी १९२६ पासून होती, पण मुलांसोबत काम करणाऱ्यांची गुन्हेगारी नोंद पोलिसांकडून तपासण्याची पद्धत १९८६ साली बसली. ऑगस्ट २००२ मध्ये सोहॅम गावात दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी तिथल्या माध्यमिक शाळेत केअरटेकर होता. त्याच्याविरुद्ध दुसऱ्या जिल्ह्यात पूर्वी अनेक तक्रारी झाल्या होत्या, पण लैंगिक गुन्ह्यात शिक्षा एकदाही झाली नव्हती. सर मायकल बिचर्ड यांचा चौकशी अहवाल २००४ साली आला आणि ब्रिटनची आजची तपासणी व्यवस्था त्यातून उभी राहिली.

परदेशी शिक्षकांपुरतं वळण पूर्वेकडे आलं. ऑक्टोबर २००७ मध्ये इंटरपोलच्या जाहीर आवाहनानंतर एका कॅनेडियन इंग्रजी शिक्षकाला थायलंडमध्ये अटक झाली. मुलांवर अत्याचार करतानाचे स्वतःचे फोटो त्याने चेहरा विरूपून नेटवर टाकले होते. तो दक्षिण कोरियात शिकवत होता. त्याच वर्षाअखेर कोरियाने परदेशी भाषाशिक्षकांच्या व्हिसासाठी मायदेशाचा गुन्हेगारी दाखला सक्तीचा केला. संयुक्त अरब अमिरातीने फेब्रुवारी २०१८ मध्ये सगळ्याच नोकरी-व्हिसांना तो लावला आणि दोन महिन्यांत ती अट स्थगितही केली.

पण परदेशी शिक्षकाचं पूर्वायुष्य तपासायचं किती सहज राहून जातं, हे कळलं २०१४ साली. विल्यम व्हेही या अमेरिकी शिक्षकाला १९६९ साली कॅलिफोर्नियात मुलांच्या लैंगिक छळाबद्दल शिक्षा झाली होती. तरीही १९७२ पासून तो तेहरान, बैरूत, माद्रिद, अथेन्स, जकार्ता, काराकास, लंडन असा आंतरराष्ट्रीय शाळांतून चाळीस वर्षं शिकवत राहिला. निकाराग्वात त्याच्या मोलकरणीने चोरलेला एक पेनड्राइव्ह शाळेच्या हाती पडला तेव्हा सगळं बाहेर आलं आणि काही दिवसांतच त्याने आत्महत्या केली. प्रत्येक नवी शाळा त्याच्याकडे पाहताना मागची नामांकित शाळा पाहत होती. एकाने तपासलं असेल या भरवशावर दुसरा निर्धास्त राहिला. मला या साऱ्या कथेत सर्वांत भयंकर वाटतं ते हेच. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय शाळांच्या संघटनांनी मिळून बालसुरक्षेसाठी कृतिदल नेमलं. उमेदवार ज्या ज्या देशांत राहिला त्या प्रत्येक देशाचा दाखला घ्या, नोकऱ्यांमधल्या रिकाम्या महिन्यांचा हिशेब विचारा, आणि मागच्या मुख्याध्यापकांशी स्वतः बोला, असा आग्रह तेव्हापासून वाढला.

आणि तेच वर्ष महादेवपुऱ्यालाही विसरता येणार नाही. जुलै २०१४ मध्ये मारतहळ्ळीजवळच्या एका शाळेत सहा वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाल्याची तक्रार आली. हजारो पालक रस्त्यावर उतरले, आणि बंगळुरू पोलिसांनी शाळांसाठी कर्मचाऱ्यांच्या पार्श्वभूमीची तपासणी, कॅमेरे, बसमधली देखरेख अशी नियमावली काढली. मार्च २०२० मध्ये लागू झालेल्या पॉक्सो नियमांनी हे देशभर नेलं: मुलांच्या नियमित संपर्कात येणारा प्रत्येक कर्मचारी, शिक्षक असो वा शिपाई, कायम असो वा कंत्राटी, त्याची पोलीस पडताळणी ठरावीक काळाने झालीच पाहिजे. तरी ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतलं अत्याचाराचं प्रकरण घडलं. आरोपी कंत्राटी सफाई कामगार होता, पीडित दोन चिमुरड्या होत्या. नियम होता, महाराष्ट्र सरकारला त्याच महिन्यात तो पुन्हा आदेश काढून बजावावा लागला.

कंत्राटी कामगाराची पडताळणी राहून जाते आणि परदेशी शिक्षकाच्या बाबतीत उलट चूक होते. त्याच्या इथल्या पत्त्यावर पोलीस पडताळणी करून शाळा समाधान मानते. महिन्यापूर्वी विमानातून उतरलेल्या माणसाबद्दल महादेवपुऱ्याचं ठाणं काय सांगणार? त्याच्या मागच्या पाच देशांनीच बोलायला हवं. ब्रिटिश शिक्षकासाठी परदेशी शाळांकरिता खास काढलेलं इंटरनॅशनल चाइल्ड प्रोटेक्शन सर्टिफिकेट आहे, अमेरिकनासाठी एफबीआयचा अहवाल आहे. पण जिथे गुन्हा नोंदलाच गेला नाही, शाळेने नाव जपण्यासाठी राजीनामा घेऊन प्रकरण मिटवलं, तिथे कोणताही देश कोरा दाखला देतो. तिथे उपयोगी पडतं ते मागच्या मुख्याध्यापकांचं सही-शिक्क्याचं उत्तर: या व्यक्तीविरुद्ध मुलांसंबंधी तक्रार आली होती का, आणि तुम्ही तिला पुन्हा मुलांसोबत कामावर ठेवाल का. फैलजामिनाची हमी ती हीच. आपल्या शाळा अनुभवाच्या दाखल्यावर ‘वर्तणूक चांगली’ हे ठरलेलं वाक्य छापून मोकळ्या होतात. या दोन प्रश्नांना सरळ उत्तर देणारे मुख्याध्यापक मला हवे आहेत, आणि ते विचारण्यासाठी फोन उचलणारे त्याहून जास्त.

महादेवपुऱ्यातून पुढच्या देशी निघालेल्या परदेशी शिक्षकाला भारतातल्या वर्षांचाही दाखला लागतो. पासपोर्ट सेवा केंद्र तो फक्त भारतीय पासपोर्टधारकांना देतं. परदेशी नागरिकाला पोलीस आयुक्तालयाकडे किंवा परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे, म्हणजे एफआरआरओकडे जावं लागतं, आणि देश सोडल्यानंतर हेच काम कितीतरी किचकट होतं. म्हणून शाळेने शेवटच्या सत्रातच, निरोपसमारंभाच्या बऱ्याच आधी, तो अर्ज त्याच्याकडून करून घ्यावा.