बालकांमधील डोकेदुखी
मुलांच्या डोकेदुखीचे निदान यंत्रापेक्षा विचारपूस आणि तपासणीतूनच अधिक होते. अकोला-अमरावतीत मे महिन्यात पारा 45 अंशांच्या घरात जातो. उन्हात खेळलेले, उपाशी किंवा कमी पाणी प्यायलेले मूल कपाळ धरून बसते. पण प्रत्येक दुखणे ऊन किंवा चष्म्यावर ढकलणे चूक आहे. वारंवार दुखत असेल तर अर्धशिशी आठवावी; मुलांत ती बहुधा कपाळाच्या दोन्ही बाजूंना ठणकते, मळमळते, उजेड सोसत नाही आणि झोपेने थांबते.

स्कॅनशिवाय गाठ नाही हे कसे कळणार, ही पालकांची भीती रास्त आहे. मात्र चेतासंस्थेची तपासणी निर्दोष असेल तर स्कॅनमुळे उपचार क्वचितच बदलतो. सीटीचे किरण मात्र अंगात जातात. झोपेतून उठवणारे दुखणे, सकाळच्या उलट्या, तोल जाणे, नवा तिरळेपणा, झटका किंवा तापात ताठरलेली मान दिसली, तर त्याच दिवशी जिल्ह्याचे रुग्णालय गाठावे. एरवी दुखणे सुरू होताच पॅरासिटॅमॉल, किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम, पुरते. ॲस्पिरिन देऊ नये. त्यातून रे सिंड्रोम हा जीवघेणा विकार संभवतो. वेळेवर जेवण, पाणी, झोप आणि दुखण्याच्या तारखांची वही हाही उपचाराचाच भाग आहे.