नफादर्शक इंग्रजी शब्दजोड्या

कंपनीची कमाई सांगताना इंग्रजी व्यापारी भाषेत हटकून एकत्र येणारे शब्द. मराठी अर्थवृत्तांत आणि शेअर बाजाराच्या बोलण्यात त्यांतले पुष्कळ जसेच्या तसे रुळले आहेत.

‘प्रॉफिट’च्या आधीचे विशेषण सर्वांत महत्त्वाचे. विक्रीतून मालाचा थेट खर्च वजा केला की उरतो ‘ग्रॉस प्रॉफिट’, म्हणजे ढोबळ नफा. त्यातून पगार, भाडे, जाहिरात, घसारा गेला की ‘ऑपरेटिंग प्रॉफिट’. व्याज आणि कर भागवल्यावर हाती राहतो तो ‘नेट प्रॉफिट’, निव्वळ नफा. नफा-तोटा पत्रकात विक्री सर्वांत वर, म्हणून ती ‘टॉप लाइन’. निव्वळ नफा तळाशी, म्हणून ‘बॉटम लाइन’. एकाच कंपनीला ढोबळ नफा आणि निव्वळ तोटा एकाच वर्षी होऊ शकतो. त्यामुळे नुसत्या ‘नफा झाला’ या बातमीवर विसंबणे धोक्याचे.

‘ब्रेक इव्हन’ म्हणजे ना नफा ना तोटा. ‘इन द रेड’ तोट्यासाठी, ‘इन द ब्लॅक’ नफ्यासाठी. हे रंग हिशेबवहीतल्या शाईचे. ‘मेक अ प्रॉफिट’ कोणत्याही नफ्याला चालते, मात्र ‘टर्न अ प्रॉफिट’मध्ये बहुधा तोट्यातून वर येण्याची छटा असते. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या अ‍ॅमेझॉनला पहिला तिमाही निव्वळ नफा २००१ च्या अखेरच्या तिमाहीत झाला: सुमारे ११२ कोटी डॉलरच्या विक्रीवर अवघे ५० लाख डॉलर. विक्रीच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी असलेल्या अशा नफ्याला ‘रेझर-थिन मार्जिन’ म्हणतात.

‘एबिटडा’ म्हणजे व्याज, कर, घसारा आणि निर्लेखन वजा करण्यापूर्वीची कमाई. तुलनेला ती उपयोगी, पण तिच्या आधी ‘अ‍ॅडजस्टेड’ लागले की नेमके काय वगळले आहे ते तळटिपेत शोधलेच पाहिजे. वीवर्क या कंपनीने २०१८ मध्ये कर्जरोखे विकताना ‘कम्युनिटी अ‍ॅडजस्टेड एबिटडा’ अशी स्वतःची जोडी घडवली. तीत जाहिरात आणि प्रशासनाचे खर्चही धरलेले नव्हते. त्या मापाने २०१७ ची कमाई २३.३ कोटी डॉलर दिसत होती. प्रत्यक्ष निव्वळ तोटा ९३.३ कोटी डॉलर होता. भागविक्रीचा प्रस्ताव कंपनीला २०१९ मध्ये मागे घ्यावा लागला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिने अमेरिकेत दिवाळखोरी-संरक्षणासाठी अर्ज केला.