डोळ्याच्या तळाशीं

रायगड जिल्ह्यांत महाडजवळ बिरवाडी नांवाचें गांव आहे. औद्योगिक वसाहतीमुळें त्याच्या भोंवतालचें रूप आतां पुष्कळ पालटलें आहे. आमचे एक वृद्ध आप्त त्याच परिसरांत राहतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना वाचतांना अक्षरांवर काळे ठिपके तरंगत असल्यासारखे दिसूं लागले. चष्म्याचा नंबर बदलला असेल, अशा समजुतीनें ते महाडास गेले. डॉक्टरांनीं डोळ्यांत औषध घालून बाहुली मोठी केली, अंधाऱ्या खोलींत आंत प्रकाश टाकून पाहिलें, आणि चष्म्याविषयीं एक शब्दही न बोलतां विचारलें, “आजोबा, साखर किती वर्षांपासून आहे?”

साखर बारा वर्षांपासून होती. डोळा मात्र एकदांही दाखविला नव्हता. दिसत होतें, मग दाखवावयाचें कशाला, असें त्यांचें उत्तर. एका डोळ्याची दृष्टि बरीचशी गेली. दुसरा वेळींच उपचार झाल्यामुळें राहिला. पुढें त्यांनीं आम्हांस विचारलें कीं, रक्तांतली साखर डॉक्टरांस डोळ्यांत कशी दिसली? या प्रश्नाचें उत्तर शोधतांना जो इतिहास आमच्या वाचनांत आला, तो येथें वाचकांपुढें ठेवीत आहों.

माणसाच्या डोळ्याची बाहुली काळी दिसते, यावरून डोळ्याच्या आंत काळोखच असावा असा समज शतकानुशतकें होता. वस्तुतः आंत गेलेल्या प्रकाशाचा कांहीं अंश तळावरून परत येतो. परंतु तो आल्या वाटेनेंच परततो. तो पाहण्यासाठीं त्या वाटेवर डोळा लावावा, तर पाहणाऱ्याचेंच डोकें दिव्याच्या आड येतें. ही अडचण जर्मनींत क्योनिग्सबर्ग येथें शरीरशास्त्र शिकविणारे हेल्महोल्त्स यांनीं १८५० सालच्या अखेरीस सोडविली. त्यांनीं काचेच्या पातळ पट्ट्या तिरप्या धरल्या. दिव्याचा प्रकाश त्यांवरून समोरच्या डोळ्यांत टाकला आणि त्याच काचांतून आपण पाहिलें. जिवंत माणसाच्या डोळ्याचा तळ स्पष्ट दिसला! त्या वेळीं त्यांचें वय अवघें एकोणतीस वर्षांचें होतें. १८५१ सालीं त्यांनीं आपल्या यंत्राचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्यालाच ऑफ्थॅल्मोस्कोप म्हणतात. आपण त्यास नेत्रदर्शक म्हणूं.

या कथेला एक पूर्वार्ध आहे, आणि तो मनास चटका लावणारा आहे. गणनयंत्राचे जनक म्हणून प्रसिद्ध असलेले चार्ल्स बॅबेज यांनीं १८४७ सालींच अशा प्रकारचें एक साधन तयार करून लंडनमधील वॉर्टन जोन्स या नेत्रवैद्यास दाखविलें होतें. जोन्स यांस त्यांतून कांहीं नीट दिसलें नाहीं, म्हणून तें बाजूस पडलें. त्यांनीं त्याची हकीकत लिहिली ती १८५४ सालीं, म्हणजे हेल्महोल्त्स यांची कीर्ति पसरल्यावर. साधन हातीं असूनही पाहणें हुकलें, असेंच म्हणावें लागतें.

आपल्याकडे त्याच १८५१ सालीं मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांतून पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली. भाऊ दाजी लाड व आत्माराम पांडुरंग हे तींतलेच. म्हणजे पाश्चात्त्य वैद्यक शिकलेला मुंबईचा पहिला डॉक्टर आणि नेत्रदर्शक यांचा जन्म एकाच वर्षींचा. पुढें १८६६ सालीं त्याच कॉलेजाच्या आवारांत सर कावसजी जहांगीर यांच्या नांवानें डोळ्यांचें स्वतंत्र रुग्णालय उघडलें गेलें.

आतां या तळाशीं दिसतें तरी काय? नारिंगी-तांबूस रंगाच्या भूमीवर एक फिकट वर्तुळ दिसतें. तें दृष्टीच्या मज्जातंतूचें टोंक. हा तंतु म्हणजे मेंदूचाच एक फांटा होय. वर्तुळाच्या मध्यांतून रोहिणी व नीला बाहेर पडून झाडाच्या फांद्यांप्रमाणें पसरतात. शरीरावर शस्त्र न चालवितां जिवंत रक्तवाहिन्या आणि मेंदूचा फांटा अशा उघड्या दिसाव्यात, अशी दुसरी जागा देहांत नाहीं. म्हणून ज्या रोगांचें मूळ डोळ्यांत नाहीं, ते देखील येथें आपली खूण ठेवून जातात.

या खुणा एकेक करून वाचल्या गेल्या. मधुमेही माणसाच्या दृष्टिपटलावरील विकार व्हिएन्नाच्या येगर यांनीं १८५५ च्या सुमारास नोंदविला. बर्लिनचे फॉन ग्रेफे यांनीं १८६० सालीं दाखविलें कीं, मेंदूंत गांठ वाढून कवटींतील दाब वाढला, तर मज्जातंतूचें तें वर्तुळ सुजून वर येतें. १८७१ सालीं क्लिफर्ड ऑलबट या इंग्रज वैद्यानें मेंदूच्या व मूत्रपिंडाच्या रोगांत नेत्रदर्शकाचा उपयोग सांगणारा ग्रंथ लिहिला. हें यंत्र केवळ नेत्रवैद्याचें नसून प्रत्येक वैद्याचें आहे, हा त्याचा आग्रह होता. वाढलेल्या रक्तदाबानें रोहिणी अरुंद व ताठ होतात आणि जेथें त्या नीलांस ओलांडतात तेथें त्यांस दाबतात, हें मार्कस गन यांनीं शतकाच्या अखेरीस दाखविलें.

१९३९ सालीं अमेरिकेंतील कीथ, वॅगनर व बार्कर यांनीं रक्तदाबाच्या रोग्यांचे, प्रामुख्यानें डोळ्याच्या तळावरून, चार वर्ग पाडले. पहिल्या वर्गांतील शंभरांपैकीं सुमारें सत्तर रोगी तीन वर्षांनीं जिवंत होते. चौथ्या वर्गांतील अवघे सहा. त्या काळीं रक्तदाबावर गुणकारी औषध नव्हतें, म्हणून डोळ्याचा तळ जणूं कपाळींचा लेखच सांगत असे. आज औषधें आहेत. आज तोच तळ लेख सांगत नाहीं, इशारा देतो. हा फरक लहान नव्हे.

मधुमेहाचीही तीच गोष्ट. योग्य वेळीं लेसरचा उपचार केल्यास गंभीर दृष्टिनाश निम्म्याहून अधिक टळतो, असें अमेरिकेंतील एका मोठ्या अभ्यासानें १९७६ सालीं सिद्ध केलें. परंतु ‘योग्य वेळ’ रोग्यास कळत नाहीं. कारण आंत रक्तवाहिन्या बिघडत असतांनाही बाहेर सर्व कांहीं स्वच्छ दिसत असतें. हिंवतापांतही डोळा साक्ष देतो. मलावींत मेंदूच्या हिंवतापानें दगावलीं असें समजलेल्या ३१ बालकांची मरणोत्तर तपासणी २००४ सालीं प्रसिद्ध झाली. त्यांपैकीं ७ बालकांच्या मृत्यूचें कारण निराळेंच निघालें. खरा मेंदूचा हिंवताप कोणता, हें जिवंतपणीं ओळखण्याची सर्वांत भरंवशाची खूण दृष्टिपटलावर होती.

त्याच १९७६ सालीं हिंमतराव बावस्कर नांवाचे एक तरुण डॉक्टर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुजू झाले. लाल विंचू चावलेलीं माणसें तेथें येत; अंग घामानें थंड पडे, रक्तदाब चढे, मग फुप्फुसांत पाणी भरून कित्येक दगावत. बावस्करांनीं रोग्यांच्या उशाशीं बसून नाडी, रक्तदाब व श्वास यांची नोंद ठेविली, आणि विंचवाचें विष हृदयावर कसा घाला घालतें तें ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य नियतकालिकांतून १९८२ सालीं मांडलें. पुढें त्यांनीं रक्तदाबावरील प्राझोसिन हें औषध या दंशावर वापरलें. तो अनुभव पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह १९८६ सालीं प्रसिद्ध केला. गंभीर दंशांतील शेंकडा तीसच्या घरांतले मृत्यु शेंकडा चारच्या आंत आले. २०२२ सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. या कथेंत नेत्रदर्शक नाहीं, हें खरें. परंतु लंडनच्या नेत्रवैद्याच्या हातीं यंत्र होतें आणि तें बाजूस पडलें. बिरवाडीच्या डॉक्टरांपाशीं साधनें बेताचीं होतीं आणि त्यांस जगानें न पाहिलेलें दिसलें. पाहण्याची निष्ठा आधीं, साधन मागून, इतकेंच आम्हांस सांगावयाचें आहे.

आतां साधनें तर पुष्कळ झालीं आहेत. सव्वा लाखाहून अधिक छायाचित्रांवर शिकविलेल्या संगणकानें मधुमेहानें बिघडलेलें दृष्टिपटल ओळखण्यांत नेत्रवैद्यांची बरोबरी केल्याचें २०१६ सालीं प्रसिद्ध झालें. तथापि जो डोळा समोर आणलाच जात नाहीं, तो वैद्यासही वाचतां येत नाहीं आणि संगणकासही नाहीं. ज्यांस मधुमेह आहे त्यांनीं, दिसत असलें तरी, वर्षांतून एकदां डोळ्याचा तळ तपासून घ्यावा. रक्तदाबाच्या रोग्यानेंही याविषयीं आपल्या डॉक्टरांस विचारावें.

आमच्या आप्तांनीं आतां एक नेम धरला आहे. गणपति उठले, कीं महाडास जाऊन उरलेला डोळा दाखवावयाचा. गेल्या वर्षीं ते एकटे गेले नाहींत. वाडींतले साखरेचे आणखी तिघे त्यांच्याबरोबर होते. तिघांनाही अगदीं स्वच्छ दिसत होतें. त्यांतल्या एकाला मात्र डॉक्टरांनीं त्याच आठवड्यांत परत बोलाविलें.