महाबळेश्वरच्या बदल्यात खंडाळा

खंडाळा म्हटलं की पुण्यातल्या ऑफिसात सगळ्यांना लोणावळ्याशेजारचं खंडाळा आठवतं. माझं खंडाळा सातारा जिल्ह्यातलं, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचं. सांगलीला इंजिनिअरिंग करताना चार वर्षं मी हेच समजावत होते. "मग तुमच्या खंडाळ्यात काय आहे?" याला मात्र माझ्याकडे उत्तर नव्हतं.

ते सापडलं इंग्रजांच्या काळातल्या सातारा गॅझेटिअरमध्ये. १८२९ मध्ये साताऱ्याच्या राजानं महाबळेश्वरचा डोंगरमाथा इंग्रजांना दिला आणि बदल्यात त्यांच्या ताब्यातलं एक गाव घेतलं. ते गाव खंडाळा.

मग एका रविवारी आई, बाबा, आज्जी आणि मी आमच्या गावाच्या बदल्यात गेलेला डोंगर बघायला निघालो. सुरूर फाटा, वाई, पसरणी घाट, पाचगणी. वाटेत मी सगळ्यांना गोष्ट सांगितली. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली. छत्रपती प्रतापसिंहांना इंग्रजांनी साताऱ्याच्या गादीवर बसवलं, पण शेजारी आपला रेसिडेंट ठेवला. १८२४ मध्ये लॉडविक नावाचा अधिकारी या डोंगरावर चढला आणि इथल्या थंड हवेची चर्चा सुरू झाली. राजानं साताऱ्याहून वर रस्ता बांधून दिला. १८२८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर सर जॉन माल्कम आला आणि पुढच्याच वर्षी अदलाबदल झाली. नव्या वस्तीचं नाव पडलं माल्कम पेठ. आज आपण ज्याला महाबळेश्वरचा बाजार म्हणतो, तीच ही पेठ. देवळाचं जुनं क्षेत्र महाबळेश्वर वेगळं, थोडं पुढे.

इंग्रजांनी इथं आपल्या देशातलं एक गाव उभं केलं. जांभ्या दगडाचे बंगले, व्हरांडे, चर्च, दफनभूमी. नाके खिंड माल्कमच्या मुलीच्या नावानं 'केट्स पॉइंट' झाली. लॉडविकच्या नावाच्या टोकावर त्याच्या मुलानं बापाच्या आठवणीत खांब उभारला. या गावासाठी भाजी पिकवली ती चिनी आणि मलाय कैद्यांनी. समुद्रापलीकडून आणून त्यांना इथल्या तुरुंगात ठेवलं होतं. बटाट्याची लागवड इथं रुजवण्याचं श्रेय त्यांना देतात. त्यांच्या नावाचा पॉइंट मात्र मला कुठं दिसला नाही.

केट्स पॉइंटवरून खाली धोमचं पाणी दिसत होतं. आज्जीनं कणीस सोलत विचारलं, "आन् आपल्या गावाला इचारलं हुतं का गं कुनी?"

कुणी कशाला विचारेल? गाव म्हणजे तेव्हा त्याचा वसूल. तो कुणाच्या खजिन्यात जाणार, एवढाच प्रश्न होता. कागदावर व्यवहार चोख दिसतो: इकडं डोंगर, तिकडं गाव. पण ज्यानं गादीवर बसवलं, त्याच्याशीच राजा सौदा करत होता.

दहा वर्षांनी ते दिसलं. १८३९ मध्ये कटाचा आरोप ठेवून प्रतापसिंहांना पदच्युत केलं आणि काशीला पाठवलं. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी लंडनला गेले आणि वर्षानुवर्षं दाद मागत राहिले. उपयोग झाला नाही. १८४७ मध्ये महाराज काशीतच वारले. गादीवर आणलेले त्यांचे भाऊ शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांनी १८४२ मध्ये वेण्णा तलाव बांधला. दुपारी आम्ही बोटीत बसलो तो हाच. १८४८ मध्ये तेही वारले. दत्तक नामंजूर झाला आणि सातारा खालसा झालं.

म्हणजे डोंगर आधीच गेला होता, वीस वर्षांच्या आत मोबदल्यात दिलेलं गावही परत कंपनीकडं आलं. खंडाळा जिथून निघालं होतं, तिथंच पोचलं.

येताना बोगदा संपला की आमचं गाव. हायवे रुंद झाला तेव्हा आमच्या शेताची एक पट्टी त्यात गेली. त्या पैशातून माझी फी भरली गेली, हे मला माहीत आहे.

"आपल्याला नोटीस तरी आली होती," बाबा म्हणाले.

आज्जी काही बोलली नाही. काचेला कपाळ टेकून ती विहीर कुठं होती ते शोधत होती.